उन्नीस-बीसचा फरक

गाडीचा जो भाग धक्के खाण्यासाठी बसवलेला आहे, त्यालाच अंगाच्या रंगाचा चकचकीत लेप द्यावा, ही कल्पना ज्याला पहिल्यांदा सुचली त्या माणसाचा पत्ता कुणाकडे असेल तर मला हवा आहे. फियाट आणि अँबॅसिडरच्या राज्यात बंपर लोखंडी होते. त्यांच्यावर क्रोमचा मुलामा असे आणि त्यात बघून भांग पाडता येई. गाडी लावताना बंपर मागच्या गाडीला टेकला की ‘टण्ण’ असा आवाज येई. त्याचा अर्थ, जागा संपली, आता थांबा. दोन्ही गाड्यांचे मालक खाली उतरत नसत, आणि उतरलेच तर एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करून परत बसत.

आताचा बंपर हा पॉलिप्रॉपिलिनचा मुखवटा आहे. धक्का सोसणारी खरी पट्टी त्याच्या आत दडलेली असते. बाहेर असतं ते नुसतं दिसण्यासाठी. या प्लास्टिकचा स्वभाव तसा गरीब. दाबलं तर लवतं, सोडलं की मुकाट्याने जागेवर येतं. त्याच्यावरचा रंग मात्र मोडेन पण वाकणार नाही अशा बाण्याचा. बहुधा सदाशिव पेठेत वाढलेला. तो लवावा म्हणून त्यात वेगळं रसायन घालतात. पेठेत असं काही घालायची सोय अजून निघालेली नाही.

माझ्या गाडीला हे झालं ते पुढच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यात. करंगळीएवढा ओरखडा, आतलं काळं प्लास्टिक दाखवणारा. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी होती आणि मी वर झोपलो होतो, एवढाच माझा या प्रकरणातला सहभाग. वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, “साहेब, रात्रभर टक्क जागा होतो, म्हणून तर काही दिसलं नाही.” यातला कार्यकारणभाव मला अजून लागलेला नाही. कॅमेऱ्याचं चित्रण बघायला गेलो, तर कॅमेरा पाण्याच्या टाकीवर रोखलेला. चेअरमन म्हणाले, “टँकर आला का नाही, हे कळायला नको?” शेवटी सोसायटीच्या ग्रुपवर ओरखड्याचा फोटो टाकला. त्यावर काही जणांनी हात जोडले, एकाने वाढदिवसाचा केक पाठवला आणि सेक्रेटरींनी मेंटेनन्स थकवणाऱ्यांची यादी टाकली. तीत माझं नाव ठळक अक्षरांत होतं.

आता गाडीचा रंग. मी त्याला राखाडी म्हणतो. आरटीओच्या कागदावर ‘ग्रे’ आहे. शोरूममधल्या मुलाने जे नाव सांगितलं होतं त्यात चंद्र होता, धुकं होतं आणि शेवटी ‘मेटॅलिक’ होतं, आणि त्या चंद्राचे नि धुक्याचे वेगळे पैसे होते. आमच्या घरात हा रंग नवरात्रातल्या ज्या दिवशी राखाडी नेसायचं असतं त्या दिवसापुरता पूज्य. बायकोच्या मते हा रंगच नव्हे. कपडे धुताना रंग उतरून खाली जे पाणी राहतं, ते हे.

ओरखडा मी ज्याला ज्याला दाखवला, त्याने एकच विधी केला. माणूस आधी उकिडवा बसतो. मग ओरखड्यावरून अंगठा फिरवतो. मग बोटाच्या पेराने बंपरवर दोनदा टकटक करतो आणि वर बघून जाहीर करतो, “प्लास्टिक आहे.” हे सांगताना प्रत्येकाच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं, ते बघून मला आजवर एकदाही “माहीत आहे” म्हणवलेलं नाही.

निदान एक असलं तरी उपचार वेगवेगळे. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी टूथपेस्ट घासायला सांगितली. टूथपेस्टमध्ये बारीक खर असते, त्यामुळे वरच्या पारदर्शक थरातले किरकोळ चरे तिने घासून जातात, हे खरं आहे. माझा ओरखडा खोलवरचा. घासून घासून बंपरला पुदिन्याचा वास येऊ लागला आणि ओरखडा जाहिरातीतल्या दातांसारखा उजळून निघाला. मग कुणी खोबरेल तेल सुचवलं. तेलाने ओरखडा खरोखरच दिसेनासा झाला. पण संध्याकाळपर्यंत त्यावर रस्त्याची सगळी धूळ बसली, आणि ती धूळ पार्किंगमधल्या मांजराने आवडीने चाटायला घेतली. मांजर बंपर चाटतंय हे बघून चेअरमननी मला बाजूला घेऊन विचारलं, “सगळं ठीक आहे ना?” मेहुणा म्हणाला, “भावोजी, तिथे ‘आईचा आशीर्वाद’चं स्टिकर लावून टाका.” आई आतून म्हणाली, “माझा आशीर्वाद चिखलात कशाला?” दसऱ्याला झेंडूची माळ बांधली तेव्हा मात्र तो कोपरा इतका सुंदर झाकला गेला की पुढे बरेच दिवस आम्ही माळ काढलीच नाही. मग ती सुकली, काळी पडली, आणि लोक माळेबद्दल विचारू लागले.

टच-अपची बाटली हा त्यानंतरचा टप्पा. ही दिसायला नेलपॉलिशच्या बाटलीसारखी, झाकणाला ब्रश, आणि किंमत बघता आत अत्तर असावं. तिच्यावर माझ्या रंगाचा कोड छापलेला होता. मी श्वास रोखून एक थेंब लावला. वाळल्यावर ओरखड्याच्या जागी ढेकूण बसल्यासारखं दिसू लागलं. रंग तोच, कोड तोच, आणि तरी काळपट. बायको लांबून बघून म्हणाली, “आधी खरचटलेलं होतं. आता त्यावर खपली धरलीय. प्रगती आहे.”

विम्याच्या एजंटला फोन केला. तो उत्साहाने म्हणाला, “क्लेम टाकूनच द्या सर, हप्ता कशाला भरता मग?” मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पहिले १००० रुपये माझ्या खिशातून, तो नियमच आहे. झिरो डेप घेतलेलं नव्हतं, त्यामुळे बंपर बदलला तर प्लास्टिकच्या भागाच्या किमतीत ५० टक्के घसारा. आणि लागोपाठ पाच वर्षं एकही क्लेम न टाकून मी नो-क्लेम बोनसची २०, २५, ३५, ४५ अशी एकेक पायरी चढत ५० टक्क्यांवर पोचलो होतो. एक क्लेम टाकला की पुढच्या वर्षी पुन्हा शून्य. इतकं चढून करंगळीएवढ्या ओरखड्यापायी थेट तळाला यायचं, हे मनाला पटेना. एजंटला सांगितलं, तर तो म्हणाला, “मग अजून मोठं काहीतरी होईपर्यंत थांबा सर.” माणूस मनाने चांगला आहे.

सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. तिथे एसी होता, कॉफी होती आणि टॅब घेतलेला एक टायवाला मुलगा होता. त्याने उकिडवं न बसता, उभ्या उभ्याच टकटक केली.

“सर, बंपर पूर्ण पेंट करावा लागेल.”

“एवढ्याशा ओरखड्यासाठी?”

“तेवढ्यापुरता मारला तर कडा दिसते सर.”

“बरं. पूर्ण बंपर.”

“पण मग बंपर आणि फेंडर वेगळे दिसतील. म्हणून फेंडरवर थोडं ब्लेंड करू.”

“आणि फेंडरच्या शेजारचं दार?”

“दारावरही हलकंसं घ्यावं लागतं.”

“मागचं दार?”

त्याने टॅबकडे बघितलं. मला वाटतं, विचार त्याच्याही मनात आला असावा. कारण या न्यायाने मागच्या दारानंतर डिकी, डिकीनंतर मागचा बंपर आणि मग शेजारच्या पार्किंगमधल्या माणसाची गाडीसुद्धा थोडी थोडी ब्लेंड करत न्यावी लागणार. मुलगा खोटं बोलत नव्हता, हे वाईट. आपल्या डोळ्याला रंगातला फरक जिथे एकदम तुटतो तिथे लगेच टोचतो; तोच फरक हातभर जागेत हळूहळू विरवत नेला तर डोळा फसतो. जाणकार रंगारी हेच करतो. आता डोळा फसवण्याचे दर पॅनलवर असतात आणि माझ्या गाडीला पॅनल फार आहेत, याला तो तरी काय करणार!

मग कात्रजच्या अलीकडच्या एका गल्लीतली पत्र्याची शेड गाठली. तिथल्या पेंटरच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत पुण्यातल्या गाड्यांचे यच्चयावत रंग होते. माझाही कुठेतरी असेल म्हणून मी निरखून पाहत होतो. तो उकिडवा बसला. अंगठा फिरवला. टकटक केली. आम्ही दोघांनी एकदमच म्हटलं, “प्लास्टिक आहे.”

“रंग मॅच होईल?”

“होईल ना साहेब. उन्नीस-बीस राहणार.”

“म्हणजे किती फरक?”

“म्हणजे उन्नीस-बीस.”

हे आकडे माझ्या ओळखीचे आहेत. घराच्या भिंतींना, बाथरूमच्या फरशांना, सोफ्याच्या कापडाला, शिंप्याच्या काजांना, सगळीकडे मला उन्नीस-बीसचंच आश्वासन मिळालेलं आहे. आयुष्यात एकदाही कुणी मला वीस दिलेले नाहीत. प्रत्येक वेळी एकोणीस घेऊन घरी आलेला मी माणूस आहे.

पेंटरने पेट्रोलच्या टाकीवरचं झाकण पटकन काढून माझ्या हातात ठेवलं. “नाना पेठेत मिक्सिंगवाल्याकडे जा. हे दाखवा आणि रंग बनवून आणा.” नमुना म्हणून गाडी न्यायची नाही, झाकण न्यायचं, ही धंद्यातली जुनी रीत आहे. पेट्रोलचं झाकण मांडीवर घेऊन मी रिक्षात बसलो. रिक्षावाल्याने आरशातून बराच वेळ बघून शेवटी विचारलं, “काका, बाकीची गाडी कुठाय?”

वाटेत बायको रिक्षात बसली. तिला लक्ष्मी रोडवर ब्लाउजपीस घ्यायचा होता आणि नाना पेठ तिच्या वाटेवर होती. ती बरोबर आली हे बरं झालं की वाईट, याचा निर्णय मी वाचकांवर सोडतो.

मिक्सिंगचं दुकान म्हणजे एका भिंतीवर डबेच डबे, एक ग्रॅमच्या दशांशापर्यंत मोजणारा काटा आणि एक संगणक. दुकानदाराने गाडीवरच्या स्टिकरचा कोड विचारला. मी पाठ करून गेलो होतो, बाणेदारपणे सांगितला. तो म्हणाला, “यातला कुठला?” एका कोडाखाली एकच रंग असतो ही माझी भाबडी समजूत. कारखाना बदलला, वर्ष बदललं, मालाची खेप बदलली की तोच कोड किंचित वेगळा निघतो, आणि रंग बनवणाऱ्या कंपन्या त्या सगळ्या उपजातींची कुंडली ठेवतात. एक निळसर पोटजात, एक पिवळट, एक जाडसर चांदीची, एक बारीक चांदीची. आपल्याकडे एवढे भेद फक्त स्थळं पाहताना काढतात.

दुकानदाराने झाकणाला पॉलिश मारून ते लखलखीत केलं आणि त्यावर एक छोटं यंत्र टेकवलं. मग काट्यावर डबा ठेवून थेंब थेंब ओतायला लागला. ॲल्युमिनियमची चांदी. काळा. निळा. जांभळा. अगदी थोडासा मातकट. मी बघत राहिलो. राखाडी रंग तयार होत होता आणि त्यात राखाडी नावाचा एकही डबा नव्हता.

रंगाचा फटकारा पट्टीवर मारून, वाळवून, त्याने पुन्हा यंत्र टेकवलं. “बघा काका, ०.८. एकच्या आत आहे. डोळ्याला कळणारच नाही.” हा आकडा हवेतला नव्हे. आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने १९७६ साली दोन रंगांमधलं अंतर मोजायची रीत ठरवून दिली. त्यात एकचा फरक म्हणजे सरावलेल्या नजरेला जेमतेम जाणवेल इतका. मी खूश होऊन पाकीट काढलं.

बायकोने पट्टी आणि झाकण उचललं आणि ती न बोलता दुकानाबाहेर फूटपाथवर जाऊन उभी राहिली. उन्हात दोन्ही शेजारी धरली, तिरकी केली, सरळ केली.

“हिरवट मारतोय.”

“ताई, मशीन पास म्हणतंय.”

“मग मशीनला इकडे उन्हात घेऊन या.”

दुकानदार बाहेर आला. त्याने पाहिलं. मीही पाहिलं, मला दोन्ही राखाडी दिसले, पण मी मान हलवली. दुकानदार गप्पपणे आत गेला आणि त्याने डब्यात तांबूस जांभळ्याचा एक थेंब सोडला. दोन रंग वेगवेगळ्या मसाल्यांतून बनवलेले असले तर ट्यूबलाइटखाली जुळे भाऊ वाटतात आणि उन्हात परके होतात. परदेशात यासाठी वेगवेगळ्या दिव्यांच्या खास पेट्या असतात. लक्ष्मी रोडवरच्या मॅचिंग सेंटरांत गिऱ्हाईक कापडाचा तागा घेऊन सरळ रस्त्यावर येतं, मागून टेप गळ्यात घातलेला दुकानदार येतो, आणि बसवाला दोघांनाही हॉर्न मारतो. बायको त्या शाळेत शिकलेली. आमसुली आणि वांगी यांतला फरक तिला पाठमोऱ्या बाईच्या पदरावरून कळतो. अंजिरी, डाळिंबी, विटकरी हे सगळं मी ‘लाल’ या एका खात्यात टाकून आयुष्य काढलेलं आहे.

रंग घेऊन शेडवर आलो, आणि पाऊस लागला. दसऱ्यानंतर पडायचा नाही तो पाऊस. दमट हवेत रंग पांढुरका पडतो, म्हणून पेंटर रोज आभाळाकडे बघून “उद्या” म्हणे. दरम्यान त्याने लांबी भरली, वॉटर पेपरने घासली, आणि गाडीच्या उरलेल्या भागाला वर्तमानपत्रं डकवून ठेवली. मी रोज जाऊन गाडी वाचत असे. बॉनेटवर राजकारण होतं, दारावर ‘वधू पाहिजे’. त्यातही लोक रंग लिहितात, गोरी किंवा निमगोरी. उन्नीस-बीस चालेल असं कुणी लिहिलेलं नव्हतं.

अखेर गाडी तयार झाली. पेंटरने मला बोलावलं ते दिवेलागणीला. पिवळा बल्ब लावलेला, गाडीवर नुकतीच बादलीभर पाणी ओतलेलं. थेंब निथळत असताना बंपर आणि फेंडर इतके एकजीव दिसत होते की मला गहिवरून आलं. मी सांगितलेले पैसे दिले आणि वर चहाचे दिले. ओल्या गाडीवर, पिवळ्या उजेडात, संध्याकाळच्या वेळी जगातला कुठलाही राखाडी दुसऱ्या कुठल्याही राखाडीशी जुळतो, ही माहिती मला दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हाने दिली.

समोरून बघितलं, जुळत होता. डावीकडे सरकलो, बंपर गडद. उजवीकडे गेलो, बंपर फिका. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमच्या सूक्ष्म चकत्या असतात आणि त्या कशा निजतात यावर सगळं अवलंबून. गन जरा लांबून धरली, हवेचा दाब वाढवला, रंग कोरडा बसला, की त्या वेगळ्या कुशीवर निजतात. ब्रशने लावला तर वाट्टेल तशा पसरतात. माझा ढेकूण त्यातूनच जन्मला होता. थोडक्यात, मुंबईकडून आलात तर माझा बंपर जुळतो, सोलापूरकडून आलात तर नाही.

पेंटरकडे गेलो. त्याने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि शांतपणे सांगितलं, “साहेब, रंग बरोबर आहे. तुमची गाडी उतरलीय.”

आणि ते खरं निघालं. दुकानदाराने झाकण पॉलिश करून मोजलं होतं. त्यामुळे रंग जुळला तो गाडीच्या तारुण्याशी. आता माझ्या गाडीत तंतोतंत जुळणाऱ्या दोनच वस्तू आहेत: पुढचा बंपर आणि मागचं पेट्रोलचं झाकण. मधली बारा-तेरा फूट गाडी दोघांशीही फटकून आहे. पेंटर म्हणाला, “पूर्ण गाडीला रबिंग मारू, उजळेल.” मारलं. गाडी उजळली, फरक निम्मा झाला, आणि हेडलाइट किती पिवळे पडलेत हे पहिल्यांदाच लक्षात आलं. हेडलाइट घासून घेतले, तर नंबरप्लेट जुनाट दिसू लागली. तिथे मी थांबलो, कारण पुढचा नंबर चालकाचा लागत होता.

गंमत म्हणजे ओरखडा मी बोट ठेवून दाखवल्याशिवाय कुणाच्या नजरेस पडला नव्हता. रंगवलेला बंपर लोक स्वतःहून शोधून काढतात. “काम केलंय का?” “ठोकली होती?” “मोठा ॲक्सिडेंट होता का हो?” रात्रभर जागून काहीही न दिसलेल्या वॉचमनने लांबूनच, खुर्चीत बसल्या बसल्या विचारलं, “साहेब, रंग मारला काय? वेगळा दिसतोय.”

याहून वाईट म्हणजे मलाही डोळा आला. म्हणजे पूर्वी नव्हता तो. सिग्नलला थांबलो की मी समोरच्या गाडीचा बंपर बघतो, मग शेजारच्या, मग आरशात मागच्या. बहुतेकांचे शेड मारतात. कोऱ्या गाड्यांचेसुद्धा! याचं कारणही आता मला ठाऊक झालंय. गाडीचा लोखंडी सांगाडा रंगवून सुमारे १४० अंशांच्या भट्टीत भाजतात. प्लास्टिकला ते सोसत नाही, म्हणून बंपर वेगळा, बऱ्याचदा दुसऱ्याच कारखान्यात, ८० अंशांच्या आसपास शेकतात, आणि मग दोघांना एकत्र आणून बसवतात. सगळंच ठरवून केलेलं लग्न. किरकोळ मतभेद राहणारच. हेन्री फोर्डने १९१४ ते १९२५ अशी सगळी वर्षं मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली, त्याबद्दल जग त्याला हसतं. माझा त्याच्याविषयीचा आदर दुणावला आहे.

परवा नळस्टॉपच्या सिग्नलला एक पांढरीशुभ्र गाडी शेजारी आली. कोरी, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक अजून ताजं. मालक काच खाली करून सगळ्या जगाकडे प्रेमाने बघत होता. मी म्हटलं, “अभिनंदन. मोत्याचा पांढरा का?” तो म्हणाला, “हो!” मी म्हटलं, “फार सुंदर. तीन थरांचा असतो तो. बंपर तेवढा किंचित पिवळा आहे, पण उन्नीस-बीस.” सिग्नल हिरवा झाला. मागचे सगळे हॉर्न मारत होते, आणि तो दार उघडून, रस्त्यावर उकिडवा बसून, आपल्या बंपरवर अंगठा फिरवत होता.

अखेर गाडी विकायची ठरवली. जुन्या गाड्या घेणाऱ्यांकडून एक तरुण तपासनीस आला. त्याच्याकडे रंगाची जाडी मोजायचं यंत्र होतं. कारखान्यातला रंग साधारण शंभर-सव्वाशे मायक्रॉन भरतो. आकडा दुपटीच्या वर गेला की समजायचं, गाडीने काहीतरी सोसलंय. त्याने छत मोजलं, दारं मोजली, बॉनेट मोजलं. मी घामाघूम. शेवटी यंत्र बंपरला टेकवलं. यंत्र काहीच बोलेना. त्याने झटकलं, पुन्हा टेकवलं. ते यंत्र धातूवरचा रंग मोजतं; प्लास्टिक त्याच्या हिशेबी जगात नाहीच. तपासनिसाने बोटाच्या पेराने दोनदा टकटक केली, माझ्याकडे वर बघितलं आणि समाधानाने सांगितलं, “प्लास्टिक आहे.” मग दोन पावलं मागे सरला, मान तिरकी केली आणि विचारलं, “काम केलंय का?” आणि किंमत पाडली.

तेव्हा आता थेट वाचकांनाच विचारतो. गाडी राखाडी, पेट्रोलची, एकहाती वापरलेली, नो-क्लेम बोनस पूर्ण ५० टक्के. इंजिन उत्तम. घ्यायची इच्छा असल्यास जरूर यावं. गाडी पाहण्याची वेळ सायंकाळी साडेसहानंतर. मुंबईकडून यावं, आणि कृपा करून बायकोला बरोबर आणू नये.